फियाट ते पद्मिनी : एका सर्वसामान्य गाडीची दुर्मिळता

मुंबईच्या ताडदेव प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका प्रीमियर पद्मिनी मोटारीची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंद झाली. पद्मिनी टॅक्सीची ती शेवटची नोंद ठरली. शहरातील टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे अस्तित्वात राहिली नाही. त्याआधी जेमतेम दीड महिना ‘बेस्ट’च्या जुन्या डिझेलवर चालणाऱ्या दुमजली बसगाड्याही सेवेतून निवृत्त झाल्या होत्या. मुंबईच्या रस्त्याची ओळख बनलेल्या दोन वाहनांनी एकाच पावसाळ्याच्या अखेरीस निरोप घेतला.

टॅक्सी गेली म्हणजे गाडी संपली असे मात्र नव्हे. खासगी मालकांकडे, जुन्या गॅरेजांत आणि छंदिष्टांच्या संग्रहात पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट गाड्या आजही आढळतात. पण एके काळी प्रत्येक सिग्नलला दिसणारी ही छोटी गाडी आता दिसली की लोक थांबून पाहतात. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस मुळातच मोजक्या होत्या. त्या मौल्यवान असल्यामुळे जपल्याही गेल्या. पद्मिनीचे नेमके उलटे झाले. ती सर्वत्र होती, म्हणून ती जपायला हवी असे कोणाला वाटले नाही. पद्मिनीच्या दुर्मिळतेचे मूळ तिच्या विपुलतेत आहे. ही प्रक्रिया कशी घडली, आज नेमके काय उरले आहे आणि उरलेल्या गाड्यांपुढे कोणत्या अडचणी आहेत, याचा हा आढावा.

एक गाडी, अनेक नावे

या गाडीचे मूळ इटलीतले. तुरिन येथील फियाट कंपनीने १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘११००-१०३’ हे नवे मॉडेल मांडले. इटालियन भाषेत ‘मिलेचेंतो’ म्हणजे अकराशे. इंजिनाच्या घनक्षमतेवरूनच गाडीला हे नाव मिळाले.

भारतात ती आली प्रीमियर ऑटोमोबाइल्समार्फत. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत देशी उद्योग उभा राहावा, हा त्यांचा ध्यास होता. कुर्ला येथील कारखान्यात प्रथम अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोठ्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे फियाटशी करार होऊन छोट्या गाड्यांकडे कंपनीचा मोर्चा वळला. फियाट ११०० रस्त्यावर येण्यापूर्वीच, १९५३ मध्ये, वालचंद यांचे निधन झाले.

त्याच सुमारास केंद्र सरकारने धोरण बदलले. केवळ आयात भागांची जुळणी न करता गाडीचे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम जे हाती घेतील, त्यांनाच या व्यवसायात राहता येईल, असे ठरले. मुंबईत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी येथील काम आवरते घेतले. प्रीमियरने मात्र देशी उत्पादनाचा मार्ग पत्करला.

१९५४ पासून येथे येऊ लागलेल्या पहिल्या ‘मिलेचेंतो’ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. गोलसर पाठ आणि पुढे आलेले नाकाड पाहता ते अगदी चपखल होते. या गाडीच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, त्यामुळे हे दरवाजे आजच्या गाड्यांच्या उलट दिशेने उघडत. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा सुधारित आवृत्त्या आल्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि पुढे साडेतीन दशके कायम राहिलेला चौकोनी, नेटका आकार तिने रूढ केला. योगायोग असा की, मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. शहरवाहतुकीचे एक साधन गेले त्याच वर्षी पुढच्या पिढीचे साधन दाखल झाले.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात गाडीवरचे फियाटचे नाव गेले. काही काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून, चितोडच्या राणीच्या नावावरून, ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांच्या तोंडी मात्र ‘फियाट’ हेच नाव राहिले. इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले होते. मुंबईची बहीण त्यानंतरही तीन दशकांहून अधिक काळ, २००१ पर्यंत, टिकून राहिली.

तुटवड्याच्या काळातील प्रतिष्ठा

साठ आणि सत्तरच्या दशकांत भारतीय ग्राहकापुढे प्रामुख्याने तीनच पर्याय होते : हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर, मद्रासमध्ये बनणारी स्टँडर्ड हेरल्ड आणि मुंबईची फियाट. उत्पादनावर परवान्याचे बंधन होते. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. किमतीही सरकार ठरवत असे. १९६९ मध्ये केंद्राने या गाड्यांच्या विक्रीकिमती आदेशाद्वारे निश्चित केल्या, तेव्हा उत्पादकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या वादाचा निकाल १९७१ मध्ये लागला.

या काळात छोटी गाडी घेणे किती मोठी गोष्ट होती, याचे सर्वांत बोलके उदाहरण पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे आहे. त्यांनी १९६४ मध्ये फियाट घेतली. किंमत होती १२ हजार रुपये. त्यासाठी त्यांना पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढावे लागले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ललिता शास्त्री यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ही गाडी आज दिल्लीतील शास्त्री स्मारकात पाहायला मिळते.

इथे एक बाब ध्यानात घ्यायला हवी. ती गाडी जपली गेली ती शास्त्रीजींची म्हणून. फियाट म्हणून नव्हे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, छोटे व्यापारी यांच्या दारात त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या बाकीच्या गाड्यांना असे संरक्षण लाभले नाही.

बांधणीतील साधेपणा

पद्मिनीच्या दीर्घायुष्याचे रहस्य तिच्या साधेपणात होते. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, चार गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी गती, असा सगळा सरळ हिशेब. गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबावर असे. त्यामुळे पुढे सलग बाकासारखे आसन बसवता येई आणि चालकाशेजारी दोघे सहज मावत. पुढच्या चाकांना स्प्रिंगांची स्वतंत्र जोडणी होती, मागे बैलगाडीच्या कमानीसारखे पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या दरवाजांना त्रिकोणी काच असे; ती तिरपी केली की वाऱ्याचा झोत थेट अंगावर येई. वातानुकूलन ही चैन असण्याच्या काळात या काचेचे मोल प्रवाशांना ठाऊक होते.

गाडीची लांबी ३.९३ मीटर. आजच्या करनियमांत चार मीटरहून कमी लांबीची आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी ‘छोटी’ समजली जाते. त्या मोजपट्टीवरही पद्मिनी छोटीच ठरते. तरीही पाच-सहा माणसांचे कुटुंब, वर टपावर बांधलेल्या वळकट्या आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन ती घाट चढत असे. कारखान्यातले कोणतेही संगणकीय उपकरण न लागता, पाने, पकड आणि पेचकस एवढ्या सामग्रीवर रस्त्याच्या कडेला तिची दुरुस्ती होई.

मात्र या बांधणीत एक कच्चा दुवाही होता. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दरवाजाखालची चौकट आणि वरचा सांगाडा मिळून एकसंध पेटी तयार होते व सगळा भार तीच पेलते. त्यामुळे गंज हा केवळ रंगरूपाचा प्रश्न राहत नाही. दरवाजाखालची चौकट किंवा तळाचा पत्रा सडला की गाडीचा कणाच खिळखिळा होतो. इंजिन कितीही ठणठणीत असले तरी अशी गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे ठरते. मुंबईची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी अगणित फियाट अशा आतून पोखरल्या.

काळी-पिवळी

मुंबईत टॅक्सी म्हणून फियाट स्वीकारली गेली ती तिच्या आकारामुळे. त्याआधी प्लिमथ, डॉज अशा मोठ्या गाड्या टॅक्सी म्हणून धावत. गल्लीबोळांत वळणारी, कमी पेट्रोल पिणारी आणि कोणत्याही मिस्त्रीकडे दुरुस्त होणारी फियाट टॅक्सीमालकांना परवडणारी होती. दिल्ली-कोलकात्याने टॅक्सीसाठी अॅम्बेसेडरला पसंती दिली; मुंबईने फियाटला. खाली काळा व वर पिवळा हा रंग स्वातंत्र्यसैनिक व खासदार विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. पिवळे टप दुरून दिसावे आणि खालच्या काळ्या रंगावर डाग दिसू नयेत, हा त्यामागचा विचार.

अधिकाऱ्यांच्या माहितीनुसार, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुमारे ६३ हजार टॅक्सी होत्या. काळ्या-पिवळ्यांच्या या ताफ्यात पद्मिनीचेच राज्य होते. चित्रपटांनीही तिला पडद्यावर आणले. नाना पाटेकर यांनी टॅक्सीचालकाची भूमिका केलेला ‘टॅक्सी नं. ९२११’ हा २००६ चा चित्रपट अनेकांना आठवत असेल. परदेशी चित्रकर्मींनाही पडद्यावर ‘मुंबई’ दाखवायची तर ही टॅक्सी पुरेशी वाटे.

दोन हजारच्या दशकाच्या आरंभी, प्रदूषणाविषयीच्या न्यायालयीन आदेशांनंतर, टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर गेल्या. वायूची टाकी डिकीत बसली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले. डोक्यावर लोखंडी कॅरिअर असलेली पद्मिनी हे तिचे शेवटच्या पर्वातील रूप होय.

उतरती कळा

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडू लागली आणि छोट्या गाडीची व्याख्याच बदलली. हलकी, पुढच्या चाकांना गती देणारी, सकाळी एका किल्लीत सुरू होणारी ही गाडी पाहिल्यावर पद्मिनी एकाएकी म्हातारी वाटू लागली. प्रीमियरने प्रयत्न सोडले नाहीत. १९८५ मध्ये निस्सानचे इंजिन असलेली ‘११८ एनई’ आणली, पद्मिनीलाही डिझेल इंजिन आणि पुढे जमिनीवरचा गिअर असलेली आवृत्ती दिली. तथापि १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि नव्या कंपन्या एकामागोमाग एक दाखल झाल्या. प्रीमियरने प्युजो आणि फियाटशी भागीदारी केली. त्यातून कंपनी सावरली नाही. कामगारांचे तंटे आणि कडक होत गेलेली प्रदूषण मानके यांची त्यात भर पडली. २००१ पर्यंत पद्मिनीचे उत्पादन थांबले.

उत्पादन थांबले २००१ मध्ये, मग शेवटची टॅक्सी २००३ ची कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. टॅक्सी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी याचे कारण सांगितले आहे. विक्रेत्याकडील अडचणींमुळे शंभर-सव्वाशे पद्मिनी नोंदणीविना पडून होत्या; त्यांची नोंद पुढे २००३ मध्ये झाली. जणू त्या अडचणीनेच या टॅक्सीचे आयुष्य दोन वर्षांनी वाढवले.

विपुलतेतून दुर्मिळता

एवढ्या मोठ्या संख्येने असलेली गाडी इतक्या झपाट्याने कशी दिसेनाशी झाली? त्याची कारणे चार.

पहिले कारण वयोमर्यादा. मुंबईत टॅक्सीसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची मर्यादा घालण्यात आली. २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली गेली. एका फटक्यात हजारो गाड्या कालबाह्य ठरल्या. टॅक्सीच्या व्यवसायात किंमत परवान्याला असते. जुनी गाडी बाद करून त्याच परवान्यावर नवी गाडी घेता येते. त्यामुळे मालकाने परवाना जपला आणि गाडी भंगारात घातली. त्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता.

दुसरे कारण किंमत. जी गाडी काही हजारांत मिळते, तिच्या पत्र्याच्या दुरुस्तीवर लाख रुपये कोण खर्च करणार? एखादी वस्तू स्वस्त होते तेव्हापासून ती पुन्हा मौल्यवान होईपर्यंत मध्ये एक दीर्घ उपेक्षेचा काळ जातो. बहुतेक पद्मिनी याच काळात नष्ट झाल्या. सोसायटीच्या आवारात चारही टायर बसलेल्या, काचेवर धुळीचा थर चढलेल्या फियाट पंधरा-वीस वर्षांपूर्वी ठिकठिकाणी दिसत. वाहनतळासाठी जागेची टंचाई वाढली तशा त्या ‘अडगळ’ म्हणून उचलल्या गेल्या.

तिसरे कारण सुट्या भागांसाठी झालेली मोडतोड. उत्पादन थांबल्यावर चालत्या टॅक्सींना भाग मिळत ते बंद पडलेल्या गाड्यांमधून. कुर्ल्याच्या भंगार बाजारात एका गाडीचे दरवाजे, दुसरीचा गिअरबॉक्स, तिसरीची काच असे सुटे होऊन पुढच्या गाड्यांत जात. एक गाडी चालू ठेवण्यासाठी दुसरी संपत होती.

चौथे कारण बदल. टॅक्सीत डिझेलचे व पुढे सीएनजीचे सामान बसले. खासगी मालकांनी खांबावरचा गिअर काढून जमिनीवर आणला, सलग आसन काढून वेगवेगळ्या खुर्च्या बसवल्या, क्रोमची जाळी गंजल्यावर प्लास्टिकची लावली. वापराच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. पण त्यामुळे कारखान्यातून निघाली तशीच असलेली पद्मिनी सर्वांत दुर्मिळ झाली.

काय उरले आहे?

आज या घराण्यातील गाड्यांची दुर्मिळता सारखी नाही. डुक्कर फियाट वयाने सर्वांत जुनी असली तरी छंदिष्टांचे लक्ष तिच्याकडे आधी गेले. मोटारींच्या मेळाव्यांत तिचा मान ठरलेला असतो. डिलाइट आणि प्रेसिडेंट यांनाही आता संग्राहक मिळू लागले आहेत. प्रेसिडेंट हे नाव फारच थोडा काळ वापरात होते. त्यामुळे मूळ नाममुद्रा शाबूत असलेली गाडी विशेष मानली जाते. खरी उपेक्षा झाली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांतील पद्मिनीची. ना ती पुरेशी जुनी, ना पुरेशी नवी. डिझेल पद्मिनी आणि जमिनीवरच्या गिअरची शेवटची आवृत्ती यांची गणना तर आत्ताच दुर्मिळांत करावी लागेल, कारण त्या मुळात कमी काळ बनल्या.

जुनी फियाट घेऊ इच्छिणाऱ्याने इंजिनापेक्षा पत्रा आधी तपासावा, असा अनुभवी मिस्त्रींचा सल्ला असतो. जमिनीवरचा गालिचा उचलून तळ पाहावा. दरवाजाची खालची कड आणि चाकांवरच्या मडगार्डची आतली बाजू हाताने चाचपावी. जाड रंग आणि लांबी यांखाली गंज सहज लपतो. खांबावरचा गिअर सैल झाला असेल तर ती झीज जोडदांड्यांची असते व ती दूर करता येते. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर या झिजणाऱ्या वस्तूंची सोय खटपट केल्यास होते. कठीण असते ते मागच्या दिव्याची काच, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरची घड्याळे, दरवाजांची रबरे अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचे. गाडीचा चेहरा नेमका त्यांनीच बनतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदणीची कागदपत्रे. इंजिन व चासी क्रमांक पुस्तकाशी जुळत नसतील, तर देखणी गाडीही केवळ शोभेची वस्तू ठरते.

यंत्रांइतकेच माणसांचे कौशल्यही विरळ होत आहे. कार्ब्युरेटर कानाने ऐकून जुळवणारा, कॉण्टॅक्ट पॉइंटमधील फट नजरेने ओळखणारा मिस्त्री आता साठीच्या पुढे गेला आहे. नव्या पिढीतील कारागीर गाडीला संगणक जोडून दोष शोधण्यात वाकबगार आहे. पण पद्मिनीत संगणक जोडायला जागाच नाही. इंधनही बदलले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व पडदे इथेनॉलला ध्यानात घेऊन बनलेले नाहीत. म्हणून ते बदलून घेणे आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनिशी उभी न ठेवणे श्रेयस्कर.

कायद्याची चौकट

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणीत उत्तीर्ण झाल्यास दर वेळी पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. यालाच रूढ भाषेत ‘पासिंग’ म्हणतात. महाराष्ट्रात अशा गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दहा हजारांवर गेले. शेवटची पद्मिनी २००१ ची असल्याने झाडून सगळ्या खासगी पद्मिनी या वरच्या टप्प्यात मोडतात.

जुन्या गाड्या रस्त्यावरून हटाव्यात यामागे प्रदूषणाचे आणि सुरक्षिततेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. पद्मिनीत सुरक्षापिशव्या नाहीत, आधुनिक ब्रेक नाहीत, धूर शुद्ध करणारी आजची यंत्रणा नाही. प्रश्न एवढाच की, रोज धावणारे जुने वाहन आणि महिन्यातून एकदा बाहेर काढले जाणारे जपलेले वाहन यांना एकाच तागडीत तोलावे काय?

केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, बिगरव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीसाठी पाच हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच तिला रस्त्यावर आणता येते.

या नियमानुसार १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये पात्र ठरली. २००१ ची पद्मिनी पात्र ठरेल २०५१ मध्ये. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षांच्या, योग्य रीतीने राखलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. आपल्याकडे तीस ते पन्नास या वीस वर्षांच्या पोकळीत असलेली गाडी कायद्याच्या लेखी केवळ जुनी असते आणि बहुतेक पद्मिनी आज याच पोकळीत उभ्या आहेत.

टॅक्सीचे काय?

सर्वांत अवघड प्रश्न टॅक्सीचा आहे. व्हिंटेज नोंदणी बिगरव्यावसायिक वाहनांसाठीच असल्याने काळ्या-पिवळ्या टॅक्सीला तो मार्ग मोकळा नाही. २००३ मध्ये नोंद झालेल्या टॅक्सीची पन्नाशी भरायला २०५३ उजाडावे लागेल. तोवर ती टॅक्सी म्हणून धावू शकत नाही आणि वारसा म्हणून मान्यही होत नाही.

किमान एक काळी-पिवळी पद्मिनी शासनाने जतन करावी, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने सरकारकडे केली होती. २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी निवृत्त होईपर्यंत तिला यश आले नव्हते. मागणी मोठी नव्हती. एका गाडीला चार मीटर जागा लागते. तिच्यासोबत भाड्याचे मीटर, टपावरचा कॅरिअर, रेक्झिनची आसने आणि शक्य झाल्यास ती चालवणाऱ्यांच्या मुलाखती जपल्या, तर शहराच्या कष्टकरी इतिहासाचे एक दालन उभे राहू शकते. खासगी संग्राहक जपेल ती चकचकीत रंगवलेली, रविवारी बाहेर पडणारी पद्मिनी. परळ ते फोर्ट अशी रोज खेपा घालणारी, बाळंतिणीला इस्पितळात आणि चाकरमान्याला पहाटेच्या एसटीला पोहोचवणारी पद्मिनी संग्राहकाच्या हातून जपली जाणार नाही. ते काम सार्वजनिक संस्थेचे आहे.

कुर्ल्यातील ज्या कारखान्यात ही गाडी घडली, तेथे आता मोटारी बनत नाहीत. डोंबिवलीजवळ कंपनीचा दुसरा कारखाना होता. तेथे ‘प्रीमियर’ हे नाव परिसराच्या नावात तेवढे उरले आहे. कारखान्याचे नाव पत्त्यात टिकते, गाडीचे नाव आठवणीत टिकते. प्रत्यक्ष वस्तू मात्र कोणीतरी ठरवून टिकवली तरच टिकते. पद्मिनीच्या बाबतीत हे ठरवण्याची वेळ निघून गेलेली नाही. अजून चालत्या गाड्या आहेत, त्या दुरुस्त करणारे हात आहेत आणि त्या चालवलेली माणसे सांगायला हयात आहेत. हे तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असण्याचा काळ मात्र फार मोठा नसतो.